दुष्काळाचे इंग्रजी नामकरण

बीड जिल्ह्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या ठाण्यासाठी मराठवाड्यात परिचित आहे. गेवराई तालुक्यातील या गावाची सरकारदरबारी आणखी एक ओळख आहे. ते महसूल मंडळाचे गाव आहे. म्हणजे भोवतालच्या अनेक खेड्यांत पाऊस किती झाला हे तलवाडा मंडळाच्या आकड्यावरून ठरते. ज्या गावाच्या नावापुढे पावसाचा आकडा मांडला जातो, त्या गावाच्या परिसरात पावसाविषयी बोलण्याची भाषा कशी पालटत गेली, याकडे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

कापूस, बाजरी, तूर आणि अलीकडे सोयाबीन पिकविणारा या भागातील कोरडवाहू शेतकरी पूर्वी पावसाने ताण दिला, पावसाने दडी मारली, पावसाने डोळे वटारले असे म्हणत असे. मृगाने फसविले, मघांनी वाचविले, असा त्याचा हिशेब असे. कोळपणीपुरती पावसाने उसंत घेतली तर ती ‘उघडीप’; ती हवीहवीशी. तीच लांबली की तो ‘खंड’, आणि खंड आणखी लांबला, विहिरीचा तळ दिसू लागला, चारा संपला, की मग ‘दुष्काळ’. या शब्दांत एक चढती भाजणी होती. कोणत्या पायरीवर आपण उभे आहोत हे एका शब्दावरून घरातील म्हाताऱ्या माणसालाही कळत असे. आज त्याच शिवारात ‘ड्राय स्पेल एकवीस दिवसांचा झाला’ असे वाक्य सहज कानी पडते. ‘मिड सीझन ॲडव्हर्सिटी लागू झाली का?’ अशी विचारणा होते. शाळेचे तोंड फार काळ न पाहिलेला माणूसही हे शब्द बिनचूक उच्चारतो.

यात शेतकऱ्याची हौस नाही. इंग्रजी बोलून कोणावर छाप पाडण्याचा त्याचा उद्देश नाही. ज्या शब्दावाचून पैसा मिळत नाही तो शब्द माणूस शिकतो, इतकाच याचा अर्थ आहे. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना सुरू झाली. तिच्या नियमांत अशी तरतूद होती की हंगामाच्या मध्यात पूर, पावसाचा खंड वा दुष्काळ यांमुळे अपेक्षित उत्पादन निम्म्याहून खाली जाणार असे दिसले, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाऊस देशभर गायब झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. तेव्हा मराठवाड्यात एकवीस दिवसांच्या खंडाचा निकष सर्वतोमुखी झाला आणि गावोगाव दिवस मोजण्याचे काम सुरू झाले. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार अडीच मिलिमीटर पाऊस पडला की तो पावसाचा दिवस. त्यामुळे अठराव्या किंवा एकोणिसाव्या दिवशी एखादे भुरभुरते आभाळ मंडळाच्या ठिकाणी येऊन तीन मिलिमीटर पाडून गेले, तर सुकलेल्या कपाशीला त्याचा उपयोग शून्य. परंतु खंड मात्र कागदावर मोडला. शेतकऱ्याने पाऊस येऊ नये म्हणून दिवस मोजावेत, ही परिस्थिती कोणत्याही नक्षत्राने आणलेली नाही.

प्रश्न इंग्रजी शब्दांचा नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन निघण्याचे काम या पृष्ठाचे नव्हे. कॅनॉल, मोटार, बोअर, कलेक्टर हे शब्द मराठवाड्याच्या मातीत केव्हाच रुजले आहेत. ‘टँकर’ हा तर दुष्काळाचा सर्वांत खरा शब्द होऊन बसला आहे. ‘आमच्या गावाला फेब्रुवारीतच टँकर सुरू झाला’ या एका वाक्यात जेवढे दुःख आहे तेवढे सरकारी अहवालाच्या शंभर पानांत नसते. तो शब्द लोकांनी डोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या वस्तूसाठी घेतला. ‘ड्राय स्पेल’ची गोष्ट निराळी आहे. तो लोकांनी घेतलेला नाही, त्यांच्यावर सोपविलेला आहे. दुष्काळाची तीव्रता वर्षागणिक वाढत असताना त्याचे नाव मात्र वर्षागणिक सौम्य होत गेले आहे, आणि या सौम्य होण्यामागे राज्यकर्त्यांच्या सोयीचा एक दीर्घ इतिहास आहे.

‘फॅमिन’ हा शब्दही इंग्रजीच. १८७६ ते १८७८ या काळातील भयंकर दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. त्यानंतर १८८० साली फॅमिन कमिशनचा अहवाल आला आणि प्रांतोप्रांती फॅमिन कोड तयार झाले. परक्या सरकारने हे दयेपोटी केले असे मानण्याचे कारण नाही. राज्य टिकविण्याची ती गरज होती. तरीही त्या संहितेत एक गोष्ट होती: फॅमिन जाहीर झाले की सरकारवर काही कर्तव्ये येऊन पडत. कामे काढावी लागत, मजुरी द्यावी लागे, सारा तहकूब किंवा माफ करावा लागे. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी नेमके हेच ओळखले. सभेच्या कार्यकर्त्यांनी त्या इंग्रजी संहितेतील तरतुदी मराठीत आणून गावोगाव शेतकऱ्यांना समजावून दिल्या. पीक बुडाले असेल तर कर्ज काढून, भांडी विकून सारा भरू नका, कायद्याने तुम्हांला सूट आहे, असे ‘केसरी’ने बजावले. सरकार इतके चिडले की त्याने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील रयतेला या चळवळीचा फायदा मिळाला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण शब्दाचे बळ कशात असते याचा धडा त्या प्रसंगात आहे. इंग्रजी शब्द शेतकऱ्याच्या हाती आला, तो मराठीत उलगडला गेला आणि सरकारला बांधणारा झाला, तेव्हाच सरकारला तो नकोसा वाटू लागला.

स्वराज्यात या शब्दाचे काय झाले? १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळणे, हाच त्याचा विषय! राज्य सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसू लागताच उपाय योजते, सबब फॅमिनची परिस्थिती उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही, अशा अर्थाचे कारण त्यात नमूद केले आहे. त्या जागी शब्द आला ‘स्कॅर्सिटी’, मराठीत ‘टंचाई’. कायदा करून एखादा रोग नाहीसा करण्याचा हा प्रयोग जगात फार ठिकाणी झाला नसेल.

या बदलातील मेख समजून घेतली पाहिजे. इंग्रजीत पाऊस न पडणे हे ‘ड्रॉट’ आणि माणसांची अन्नान्नदशा होणे हे ‘फॅमिन’, असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत पाऊस न पडण्याला ‘अवर्षण’ म्हणतात. परंतु ‘दुष्काळ’ हा शब्द आभाळाचे रिते होणे आणि घरातील कणगीचे रिते होणे या दोहोंना कवेत घेतो. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्यात पाऊस आला, बाजार आला, सावकार आला आणि सरकारही आले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की भूक ही केवळ धान्य नसण्यातून येत नाही, धान्यावरील माणसाचा हक्क तुटण्यातून येते. आपल्या शब्दाने ही गोष्ट आपल्या परीने आधीच पोटात घेतली होती. इंग्रजीतील ‘फॅमिन’ला बंदी झाली आणि मराठीतील ‘दुष्काळ’ त्याच्याबरोबर संशयित ठरला. महसूल खात्याच्या कागदांत ‘टंचाई’ आली. टंचाई पाण्याची असते, चाऱ्याची असते, रॉकेलचीही असते. टंचाईत कोणी दोषी नसतो.

‘वाव उरलेला नाही’ असे कायद्यात लिहिल्याला नऊ वर्षे होतात न होतात तोच १९७२ उजाडले. त्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या नाहीत असे घर नसेल. खडी फोडणारे हात, सुकडीच्या रांगा, परदेशातून आलेली लाल मिलो, पाझर तलावांच्या मातीवर उभी राहिलेली गावेच्या गावे. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. सरकारी कागदांत ती टंचाई निवारणाची कामे होती. लोकांनी त्यांना दुष्काळी कामेच म्हटले, आणि त्या वर्षाला आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. ‘बहात्तरची स्कॅर्सिटी’ असे म्हणणारा माणूस अद्याप जन्माला यावयाचा आहे.

त्या दुष्काळाने आपल्याला आणखी एक शब्दप्रयोग दिला: ‘मागेल त्याला काम’. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि दुष्काळी परिषदा, मोर्चे व कामगार-शेतकरी संघटनांच्या रेट्यामुळे बळकट झालेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तीन मराठी शब्द. परंतु त्यांत ‘सदृश’ नव्हते, ‘सर्वसाधारणपणे’ नव्हते, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ नव्हते. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. या योजनेतील भ्रष्टाचार, खोटी हजेरीपत्रके, कामांचा दर्जा यांवर याच चळवळीने पुष्कळ टीका केली व ती योग्यच होती. पण निरक्षर बाईलाही तहसील कचेरीच्या पायरीवर उभे राहून म्हणता येईल असे ते वाक्य होते. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला त्याची मुळे या वाक्यात आहेत.

त्यानंतरच्या काळात मात्र वाहते वारे उलट दिशेने गेले. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय हवामान खात्याने आपल्या शब्दावलीतून ‘ड्रॉट’ हा शब्दच काढून टाकला. देशाची पावसाची तूट दहा टक्क्यांहून अधिक आणि देशाचा २० ते ४० टक्के भूभाग कोरडा असेल, तर पूर्वी ते दुष्काळी वर्ष म्हणत. आता ‘डेफिशंट इयर’. चाळीस टक्क्यांहून अधिक भूभाग होरपळला तर पूर्वी ते तीव्र दुष्काळी वर्ष. आता ‘लार्ज डेफिशंट इयर’. दुष्काळ जाहीर करणे हे राज्यांचे काम, आमचे नव्हे, असे खात्याचे म्हणणे, आणि ते तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. केंद्र म्हणते जाहीर करणे राज्याचे काम. राज्य म्हणते निकष केंद्राचे. मध्ये उभा असलेला माणूस कोणाचा, हे कोणीच सांगत नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. ते कोरडे पडले होते. रेल्वेने पाणी येते तेव्हा त्या परिस्थितीला काय म्हणावयाचे? महाराष्ट्र सरकारच्या आदेशांत शब्द होता ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. ‘सदृश’ हा शब्द संस्कृत आहे हे खरे, पण त्याची कुळी इंग्रजी आहे. ‘ड्रॉट-लाइक’ या कचेरीतील शब्दाला नेसविलेला तो पितांबर. चंद्रासारखे मुख म्हणजे मुख चंद्र नव्हे. तद्वत दुष्काळासारखी परिस्थिती म्हणजे दुष्काळ नव्हे, आणि दुष्काळ नव्हे म्हणजे दुष्काळातील देणी लागू नव्हेत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे २०१६ मध्ये सरकारला तेथे सांगावे लागले की जेथे ‘दुष्काळसदृश’ लिहिले आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शुद्धिपत्र काढू. एका शब्दाची शेपटी कापण्यासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. २९ हजारांहून अधिक गावांचा प्रश्न त्या शेपटीला लटकलेला होता.

हे शुद्धिपत्र निघाल्यावर तरी शेपटी पुन्हा उगवणार नाही अशी अपेक्षा होती. पण २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. आठ दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, त्यांतील १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. त्या आठ दिवसांत पावसात काही फरक पडला नव्हता. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके त्यांत होते; गेवराई नव्हता. ओरड झाल्यावर राज्यातील हजाराच्या आसपास महसूल मंडळांत पुन्हा एकदा ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर करण्यात आली. तेथे महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षाशुल्कात माफी वगैरे मिळाले. केंद्राकडे मदतीची मागणी गेली ती मात्र चाळीस तालुक्यांसाठी. ऑगस्टच्या उन्हाने तालुक्यांच्या सीमा पाहून कपाशी जाळली असेल काय?

येथे सरकारी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या आणेवारी-पैसेवारीच्या पद्धतीत गोंधळ पुष्कळ होता. तलाठ्याने नजरेने अंदाज करावयाचा, गावपुढाऱ्याने तो फिरवावयाचा, आमदाराने मुंबईहून दूरध्वनी करावयाचा आणि पन्नास पैशांच्या वर वा खाली गावे ढकलावयाची. त्याऐवजी मोजता येणारे, उपग्रहाने तपासता येणारे निकष असावेत, यात वावगे काय? सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना दुष्काळाकडे डोळेझाक करणाऱ्या राज्यांना खडसावले आणि केंद्राला दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता सुधारण्यास सांगितले. त्यातून २०१६ च्या अखेरीस नवी संहिता आली. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही.

परंतु त्या संहितेत शिरून पाहा. पाऊस किती तुटला आणि ड्राय स्पेल किती लांबला, ही पहिली पायरी; इंग्रजीत ‘ट्रिगर’, आमच्या शासकीय मराठीत ‘कळ’. पहिली कळ दाबली गेली तरच दुसरी: पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा, जमिनीतील ओल, भूजल व धरणसाठा. मग दहा टक्के गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून शेतातील पाहणी. एवढे झाल्यावर दुष्काळ ‘मध्यम’ की ‘गंभीर’ ते ठरणार, आणि केंद्राची मदत मिळावयाची तर तो ‘गंभीर’ असावा लागणार. कळ म्हणजे यंत्राची खुंटी. कळ म्हणजे वेदनाही. भाषांतर करणाऱ्या कारकुनाच्या हातून मराठी भाषेने नकळत एक खरे बोलून घेतले आहे.

गेवराईसारख्या तालुक्याला या यंत्रात काय होते, पाहा. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. ज्या पट्ट्यात कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ऊस उभा असतो. उपग्रहाला वरून हिरवे दिसते. हिरवा ऊस आणि करपलेली कोरडवाहू कपाशी यांची सरासरी काढली तर तालुका मध्यम हिरवा निघू शकतो. त्या सरासरीच्या तालुक्यात कोणीही राहत नाही. माणसे एक तर कालव्याखाली राहतात, नाही तर माळावर. माळावरची माणसे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडणे, हीच त्यांच्या दुष्काळाची भरपाई. त्यालाही कागदावर ‘सीझनल मायग्रेशन’ म्हणतात. जणू पाखरेच ती.

निकष असू नयेत असे आमचे म्हणणे नाही. निकषांची भाषा ज्याच्यावर ते लागू होतात त्याला तपासता आली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. पैसेवारी खोटी असेल तर गावसभेत उभे राहून ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येत होते, कारण पीक सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. उपग्रहाच्या हिरवेपणाच्या निर्देशांकावर हरकत कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत घ्यावयाची? शेतकऱ्याने ‘ड्राय स्पेल’ हा शब्द शिकून घेतला ही त्याची हुशारी झाली. पण फॅमिन कोडच्या वेळी होते तसे शब्दाबरोबर हक्क त्याच्या हाती आले नाहीत. शब्द त्याचा, मोजमाप कंपनीचे आणि निर्णय मुंबई-दिल्लीचा.

आणि शब्द शिकून होतात तोच ते काढूनही घेतले जातात. १ रुपयात पीक विमा ही २०२३ साली गाजावाजा करून आणलेली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्यात गैरप्रकार झाले होते आणि ते थोडेथोडके नव्हते, हे मान्य. पण त्याच वेळी महाराष्ट्राने विम्यातून हंगामाच्या मध्यातील आपत्ती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान ही सारी कवचे वगळली आणि केवळ पीककापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. म्हणजे ‘मिड सीझन ॲडव्हर्सिटी’ हे अवघड इंग्रजी तलवाड्याच्या शेतकऱ्याने तोंडपाठ केले, आणि पाठांतर पुरे होताच परीक्षाच रद्द झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात आभाळ फाटले. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून गोदावरीत प्रचंड विसर्ग सोडावा लागला, गेवराई तालुक्यातील नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. कोठे पीक गेले, कोठे पिकाखालची मातीही वाहून गेली. सगळ्या मराठवाड्यातून एकच मागणी उठली: ओला दुष्काळ जाहीर करा. ‘ओला दुष्काळ’ हा लोकांनी घडविलेला शब्द आहे आणि तो अचूक आहे. कोरड्या दुष्काळात जे होते तेच येथे होते: दाणा नाही, चारा नाही, कर्ज तसेच, घरातील तरणी माणसे बाहेरगावी. कारण उलटे, परिणाम एक. ‘दुष्काळ’ या शब्दाची व्याप्ती लोकांना ठाऊक असल्यामुळेच त्यांना हे विशेषण सुचले. यावर मुख्यमंत्र्यांनी दिलेले उत्तर असे की ओला दुष्काळ ही संज्ञाच नियमावलीत नाही. मात्र दुष्काळातील सवलती देऊ. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. रक्कम मोठी होती. ती कोणाला किती पोहोचली, जुन्या योजनांचा पैसा नव्या पिशवीत किती होता, याची चर्चा स्वतंत्रपणे झाली पाहिजे. येथे मुद्दा उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागाचा आहे.

नियमावलीत संज्ञा नाही, म्हणून वस्तू नाही! नियमावली मूळची इंग्रजी. इंग्रजीत ‘वेट ड्रॉट’ म्हटले तर शब्दांची मारामारी होते, कारण ‘ड्रॉट’ म्हणजे कोरडेपणा. त्यांच्या भाषेत जे बसत नाही ते आमच्या शेतात झालेले नाही, असा याचा अर्थ. १९६३ साली एक इंग्रजी शब्द वगळून दुष्काळ नाहीसा केला. २०२५ साली एक मराठी शब्द इंग्रजीत नाही म्हणून दुष्काळ मान्य केला नाही. ‘दुष्काळातील सवलती देऊ, दुष्काळ म्हणणार नाही’ या भूमिकेत सवलतींपेक्षा ‘म्हणणार नाही’ला अधिक महत्त्व आहे. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते. या वर्षी निवडणुका तोंडावर होत्या, पुढच्या वर्षी नसतील. संज्ञा नियमात आली की मर्जी संपते, देणे सुरू होते. म्हणून तर संज्ञा टाळली जाते.

आता ‘क्लायमेट चेंज’ हा आणखी एक शब्दप्रयोग गावोगाव पोहोचला आहे. हवामान बदलत आहे यात शंका नाही. पाऊस थोड्या दिवसांत अधिक पडतो, मधले खंड लांबतात, हे मराठवाड्याने एकाच वर्षात ड्राय स्पेल आणि महापूर भोगून अनुभवले आहे. पण मंत्र्यांच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा त्याला ‘आता आमच्या हातांत काय आहे?’ असा सूर असतो. पूर्वी देवाची करणी म्हणत. तेथे निदान देव गावातला होता, त्याच्याशी भांडता येत होते. बोअर चारशे-पाचशे फुटांखाली कोणी नेले, कोरडवाहू प्रदेशात उसाचे क्षेत्र आणि साखर कारखाने कोणी वाढविले, पाझर तलावांतील गाळ कोणी काढला नाही, या प्रश्नांची उत्तरे वातावरणातील कर्बवायूत सापडणार नाहीत.

या परिस्थितीत काय मागावयाचे, हे स्पष्ट असले पाहिजे. विधिमंडळाने ओल्या दुष्काळाची व्याख्या करावी आणि ती मराठीत करावी. ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी, बुडालेले क्षेत्र, खरवडून गेलेली जमीन हे सारे मोजता येण्याजोगे आहे. इच्छा असेल तर एका अधिवेशनात हे काम होईल. ‘सदृश’ हा शब्द महसूल खात्याने आपल्या आदेशांतून कायमचा काढून टाकावा. ‘फॅमिन’ वगळण्यासाठी कायदा करता आला, तर ‘सदृश’ वगळण्यासाठी साधे परिपत्रक पुरे. दुष्काळाच्या निकषांवर ग्रामसभेला हरकत घेण्याचा अधिकार असावा आणि त्या हरकतीवर ठरावीक मुदतीत, गावात येऊन, कारणे देऊन निर्णय व्हावा.

आणि तोवर, सरकारची वाट न पाहता करण्यासारखी एक गोष्ट आहे. मंडळातील स्वयंचलित केंद्राचा पावसाचा आकडा रोज नोंदला जातो. तलवाडा मंडळातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जूनपासून तो आकडा रोज लिहावा, आणि त्याच्या शेजारी त्या त्या गावात साध्या पर्जन्यमापकाने मोजलेला पाऊस लिहावा. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतील. पाऊस कधी पडला, कधी नाही, कपाशीने मान कधी टाकली, विहीर कधी आटली, नदी कधी शेतात शिरली, याची तारीखवार वही ग्रामसभेने ठेवावी. फळा आणि वही यांना मंजुरी लागत नाही. व्याख्येचा आणि हरकतीचा प्रश्न मात्र विधानसभेत विचारावा लागेल, आणि गेवराई व माजलगावच्या लोकप्रतिनिधींना ती वही हातात देऊन तो विचारावयास लावणे, हे या भागातील कार्यकर्त्यांचे पुढील अधिवेशनापूर्वीचे काम आहे.